एचडीआर लिहिलेल्या टीव्हींमध्ये एवढा फरक का? आखाजीपूर्वी खरेदी करायची आहे

तापीकाठ (भुसावळ)

नमस्कार मंडळी. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) दोन्ही बहिणी मुलाबाळांसह माहेरी येणार आहेत आणि त्याआधी घरातला नऊ वर्षांचा ३२ इंची टीव्ही बदलावा, असे आईने फर्मावले आहे. ५५ इंची घ्यायचा एवढे ठरले. पुढचे काहीच ठरत नाही. गेल्या रविवारी जळगावला तीन दुकाने फिरलो. २९,००० रुपयांच्या टीव्हीच्या खोक्यावर एचडीआर (हाय डायनॅमिक रेंज) लिहिलेले होते, ७२,०००च्या खोक्यावर तेच होते आणि दीड लाखाच्या खोक्यावरही तेच. फरक काय, असे विचारल्यावर पहिल्या दुकानात ‘कंपनीचा फरक’, दुसऱ्यात ‘क्लॅरिटीचा फरक’ आणि तिसऱ्यात ‘साहेब, तुम्ही नुसते बघा ना’ अशी उत्तरे मिळाली. बघितले. सगळ्या पडद्यांवर तोच पोपट आणि तोच मधाचा चमचा फिरत होता आणि सगळेच छान दिसत होते.

माझी भीती जुन्या अनुभवाची आहे. दोन वर्षांपूर्वी मुलासाठी २७ इंची मॉनिटर घेतला होता, त्याच्याही खोक्यावर एचडीआर होते. संगणकात ते चालू केल्याबरोबर सगळा पडदा राख फासल्यासारखा फिका पडला. त्याच दिवशी बंद केले, ते आजतागायत बंदच आहे. उलट माझ्या साध्या फोनवर तोच व्हिडिओ डोळे दिपवतो. मग हे अक्षर नेमके कशाची हमी देते? दुकानात काय पाहावे? आणि आमच्या हॉलला पश्चिमेकडे दोन मोठ्या खिडक्या आहेत, भिंती पांढऱ्या आहेत, संध्याकाळी साडेसहापर्यंत ऊन आत असते, याचा खरेदीशी काही संबंध आहे का?

मेहरूणची बोर (जळगाव)

तापीकाठ, तुम्ही सोन्याच्या गावात येऊन टीव्ही पाहिलात, म्हणून सोन्याच्याच भाषेत सांगते. सराफाकडे गेल्यावर आपण ‘हे पिवळे आहे का’ असे विचारत नाही, ९१६चा शिक्का पाहतो. खोक्यावरचे एचडीआर हे अक्षर म्हणजे ९१६ नव्हे. ते केवळ ‘पिवळे आहे’ एवढेच सांगते. त्याचा अर्थ असा की एचडीआर स्वरूपातला, म्हणजे गडद अंधारापासून झगझगीत उजेडापर्यंतचा मोठा पल्ला असलेला सिग्नल आला तर हा संच तो ओळखतो आणि नाकारत नाही. ओळखलेले चित्र दाखवण्याची ताकद त्या काचेत आहे की नाही, याबद्दल ते अक्षर काहीच बोलत नाही.

ताकद म्हणजे काय, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. उजेड मोजण्याचे एकक निट आहे. एका चौरस मीटरमागे एक कँडेला, म्हणजे साधारण एका मेणबत्तीइतका प्रकाश. जुन्या पद्धतीचे, म्हणजे एसडीआर चित्र तयार करताना सर्वांत पांढरा पांढरा रंग १०० निटचा धरतात. ही मर्यादा काचेच्या नळीच्या टीव्हीच्या काळातली आहे. एचडीआरसाठी जी नवी मोजपट्टी २०१४ मध्ये प्रमाणित झाली, तिला पीक्यू म्हणतात आणि ती ०.०००१ निटपासून १०,००० निटपर्यंत जाते. चित्रपट प्रत्यक्षात १,००० किंवा ४,००० निटपर्यंतच्या पडद्यावर पाहून तयार केले जातात. आता २९,०००चा टीव्ही बहुधा २५० ते ३५० निटच्या पुढे जात नाही. म्हणजे शेराचे माप भरायचे आहे आणि हातात पावशेर आहे.

अशा वेळी टीव्हीपुढे दोनच मार्ग उरतात. एकतर ३०० निटच्या वरचे सगळे सपाट पांढरे करून टाकायचे, म्हणजे ढगांची घडी जाते आणि नवरीच्या शालूवरची जरीची नक्षी नुसता पांढरा डाग होते. नाहीतर सगळे चित्रच खाली दाबून बसवायचे, म्हणजे सूर्य वाचतो आणि माणसांचे चेहरे काळवंडतात. या बसवण्याला टोन मॅपिंग म्हणतात. स्वस्त संचात ते ओबडधोबड असते.

तुमच्या ‘फिके पडले’ या तक्रारीमागे आणखी एक गंमत आहे, जी विक्रेते कधीच सांगत नाहीत. एसडीआर सापेक्ष आहे: टीव्ही १०० निटसाठी बनवलेला पांढरा रंग खुशाल ३५० निटला दाखवतो आणि आपण म्हणतो, वा, काय उजेड आहे. एचडीआरची मोजपट्टी निरपेक्ष आहे: कागदाचा किंवा धोतराचा साधा पांढरा रंग सुमारे २०३ निटला ठेवावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस आहे आणि त्यावरची जागा दिव्यांच्या ज्योतीसाठी, पाण्यावरच्या उन्हासाठी राखून ठेवायची असते. ज्या टीव्हीत ती वरची जागाच नाही, तिथे राखीव जागा रिकामी राहते आणि साधे चित्र मात्र अंधारते. म्हणून एकाच स्वस्त टीव्हीवर एचडीआर हे एसडीआरपेक्षा मरगळलेले दिसते. तो टीव्ही बिघडलेला नसतो.

लळिंगकर (धुळे)

मी टीव्ही दुरुस्त करतो, त्यामुळे मला हे संच मागून उघडलेले दिसतात. वरच्या ताईंनी उजेडाचे सांगितले. मी उजेड कुठून येतो ते सांगतो, कारण खरा फरक तिथेच आहे.

एलसीडीच्या कोणत्याही टीव्हीत काच स्वतः प्रकाशत नाही. मागे एलईडीच्या पट्ट्या असतात आणि काच फक्त झडपेसारखी उघडझाप करते. स्वस्त ५५ इंची संच उघडला की आत पांढऱ्या कागदावर चार-सहा पट्ट्या आणि त्यांवर भिंगे लावलेले मोजके एलईडी दिसतात. या सगळ्या पट्ट्या एकाच वेळी उजळतात आणि एकाच वेळी मंदावतात. रात्रीच्या आकाशात चंद्र दाखवायचा असेल तर चंद्रासाठी सगळा उजेड पूर्ण लावावा लागतो आणि मग आकाशातून तो झिरपतो. झडप कितीही घट्ट लावली तरी थोडे गळतेच. आयपीएस प्रकारच्या काचेत पांढऱ्या-काळ्याचे प्रमाण साधारण एक हजारास एक असते, व्हीए प्रकारात तीन ते पाच हजारांस एक. म्हणजे अंधाऱ्या खोलीत आयपीएसचे काळे हे करडेच असते.

महागड्या संचात हेच एलईडी लहान आणि पुष्कळ असतात आणि त्यांचे गट वेगवेगळे उजळतात. त्या गटांना झोन म्हणतात आणि या सोयीला लोकल डिमिंग. मिनी-एलईडी म्हणून जे विकतात त्यात काही शे ते काही हजार झोन असतात. चंद्राच्या मागचा झोन पेटतो, बाकीचे विझतात. तरी एक झोन म्हणजे पडद्याचा हाताएवढा तुकडा असू शकतो, म्हणून चंद्राभोवती धुरकट कडे दिसते. झोन जितके जास्त तितके ते कडे लहान. ओएलईडीत ही भानगडच नाही. तिथे प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो.

क्यूएलईडी या नावाने फसू नका. ते ओएलईडीचे भावंड नाही. ती एलसीडीच आहे, फक्त उजेडाच्या वाटेत क्वांटम डॉटचा पापुद्रा घातलेला असतो, त्यामुळे लाल आणि हिरवा रंग शुद्ध येतो. ज्या क्वांटम डॉटसाठी २०२३ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल दिले गेले, तेच हे. चांगली वस्तू आहे, पण रंगाची आहे. मागे झोन नसतील तर अंधाराचे काम ती करणार नाही.

जाता जाता धंद्यातले एक सांगतो. एप्रिल-मे महिन्यांत माझ्याकडे येणाऱ्या संचांत सर्वांत मोठी संख्या जळालेल्या एलईडी पट्ट्यांची असते: आवाज येतो, चित्र येत नाही. कारण स्वस्त संचाचा बॅकलाइट आधीच शंभर टक्क्यांवर असतो आणि बाहेर ४५ अंश असतात. पट्टी बदलताना आम्ही बरेचदा बॅकलाइटचा प्रवाह थोडा कमी करून देतो, मग ती टिकते. ग्राहकाला वाटते, टीव्ही आता जरा मंद झाला. पण तो चालतो.

गिरणाकाठची (चाळीसगाव)

मी लग्नाची छायाचित्रे आणि व्हिडिओ करते, त्यामुळे एक गैरसमज आधी दूर करते. फोनच्या कॅमेऱ्यात जे एचडीआर बटण असते, ते आणि टीव्हीचे एचडीआर हे जवळजवळ उलट काम करतात. कॅमेरा तीन-चार वेगवेगळ्या उजेडांचे फोटो घेतो, त्यातला अंधार वर उचलतो, ऊन खाली दाबतो आणि सगळे साध्या पडद्यावर मावेल एवढे करतो. टीव्हीचे एचडीआर दाबलेले नसते. ते ऊन उन्हाच्या जागी आणि अंधार अंधाराच्या जागी ठेवू पाहते. म्हणून ‘एचडीआरचा फोटो सगळीकडे उजळ असतो, मग टीव्ही का नाही’ ही तुलना करू नये.

अजिंठ्याला गेलेल्यांना हे एका क्षणात कळेल. पहिल्या लेण्यात आत उभे राहून दाराकडे पाहिले तर बाहेर वाघूरच्या दरीतले पांढरे ऊन असते आणि आत पद्मपाणीच्या भुवईची रेषा जेमतेम दिसण्याइतका उजेड असतो. डोळा दोन्ही पाहतो, कारण तो क्षणाक्षणाला स्वतःला जुळवून घेतो. साधे चित्र त्यातले एकच निवडते: दार दिसले तर भिंत काळी, भिंत दिसली तर दार पांढरे. चांगला एचडीआर पडदा दोन्ही एकत्र दाखवतो. आणि त्यासाठी दाराचा झगझगाट जितका लागतो, तितकाच भिंतीचा शांत, थरांथरांचा अंधारही लागतो. पीक्यूच्या मोजपट्टीतल्या जवळजवळ अर्ध्या पायऱ्या ९२ निटच्या खालच्या उजेडासाठी खर्ची पडलेल्या आहेत, यावरून ते बनवणाऱ्यांना काय महत्त्वाचे वाटले ते दिसते. विक्रेते मात्र फक्त वरचा आकडा ओरडून सांगतात.

आमच्या गावात छायाचित्रकार केकी मूस यांच्या घरी त्यांची कृष्णधवल छायाचित्रे पाहायला मिळतात. टेबलावर मांडलेल्या साध्या वस्तूंतून उभी केलेली ती दृश्ये आहेत. त्यांत काळा रंग किती प्रकारचा आहे ते नीट पाहून या आणि मग दुकानात जा. डोळ्याला सवय लागते.

पायऱ्यांचा विषय निघालाच आहे तर तेही सांगते. ८ बिटच्या पडद्यात प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १० बिटमध्ये १,०२४. एचडीआरचा पल्ला मोठा असल्यामुळे २५६ पायऱ्या त्यावर पसरल्या की दोन पायऱ्यांमधले अंतर डोळ्याला दिसते. सूर्यास्तानंतरच्या आकाशात पट्टे पट्टे दिसतात ते हेच. बरेच पडदे ८ बिटचे असून दोन जवळच्या छटा वेगाने आलटून पालटून मधली छटा भासवतात. त्याला एफआरसी म्हणतात आणि खरे सांगायचे तर ते चांगले केले असेल तर मला स्वतःला फरक कळत नाही. त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. रंगाच्या व्याप्तीसाठी मात्र मोजा: डीसीआय-पी३ हा सिनेमाचा रंगपट आहे आणि टीव्ही त्याचा ९० टक्क्यांच्या वरचा भाग व्यापतो की नाही, हे पाहणे योग्य. कुंकवाचा लाल आणि नारिंगीकडे झुकलेला लाल यांतला फरक तिथेच दिसतो.

तापीकाठ (भुसावळ)

सर्वांचे आभार. म्हणजे उजेडाचा वरचा आकडा, झोन आणि रंगव्याप्ती अशा तीन गोष्टी झाल्या. दीड लाखाचा होता तो ओएलईडीच होता आणि लळिंगकर भाऊंच्या म्हणण्याप्रमाणे तिथे झोनची कटकटच नाही. थोडी ओढाताण केली आणि हप्ते घेतले तर तोच घ्यावा का? उगाच मधल्या किमतीचा घेऊन पुन्हा मॉनिटरसारखे व्हायला नको.

मेहरूणची बोर (जळगाव)

थांबा. तुम्ही पहिल्याच नोंदीत पश्चिमेच्या दोन खिडक्यांचा उल्लेख केला होता आणि आमच्यापैकी कोणीच त्याचे उत्तर दिले नाही. या प्रश्नाचे उत्तर त्या खिडक्यांतच आहे.

हिशेब करून पाहू. उन्हाळ्यात दुपारी तुमच्या पडद्यावर खोलीतला ३०० लक्स (पृष्ठभागावर पडणारा उजेड मोजण्याचे एकक) उजेड पडतो असे धरा; पांढऱ्या भिंती असल्या की तेवढा सहज पडतो. पडद्याची काच त्यातला फक्त एक टक्का सर्व दिशांना परत फेकते असे माना. ३०० गुणिले ०.०१, भागिले पाय, म्हणजे ३.१४. उत्तर येते सुमारे एक निट. म्हणजे त्या पडद्यावरचा सर्वांत काळा काळा रंग एक निटचा झाला, मग तो ओएलईडी असो की दुसरा काही. पांढरा ३०० निटचा असेल तर प्रमाण तीनशेस एक उरले. रात्री ज्या अथांग काळेपणासाठी दुप्पट पैसे दिले, तो दुपारी तुमची भिंतच खाऊन टाकते.

त्यात ओएलईडीचा स्वभाव असा की लहान भाग तो ८००–१,००० निट किंवा त्याहूनही जास्त उजळू शकतो, पण सगळा पडदा पांढरा झाला तर वीज आणि उष्णता आवरण्यासाठी तो आपोआप उजेड पुष्कळ खाली आणतो. क्रिकेटचे उन्हातले मैदान म्हणजे जवळजवळ सगळा पडदा उजळच. शिवाय क्यूडी-ओएलईडी प्रकारात समोर पोलरायझर (प्रकाश गाळणारा थर) नसतो, त्यामुळे उजेडाच्या खोलीत त्याचा काळा रंग करडा-जांभळा दिसतो. ज्यांच्या खोलीला जाड पडदे आहेत आणि जे रात्री दिवे मालवून चित्रपट पाहतात, त्यांनी ओएलईडी घ्यावा. त्यासारखा दुसरा नाही. तुमच्या हॉलमध्ये मात्र मी झोन असलेला, व्हीए काचेचा, ८००–१,००० निटचा मिनी-एलईडी घेईन आणि उरलेल्या पैशांत खिडक्यांना पडदे शिवून घेईन.

उष्णतेचेही पाहा. टीव्हीच्या माहितीपुस्तिकेत वापराचे कमाल तापमान बहुतेक वेळा ४० अंश दिलेले असते. भुसावळच्या मे महिन्यात तुमच्या बंद हॉलमध्ये कूलर नसताना काय असते, ते तुम्हालाच माहीत. ओएलईडीचे ठिपके उष्णतेत लवकर म्हातारे होतात.

सारंगखेडा (नंदुरबार)

ही चर्चा नाहक किचकट होत चालली आहे, असे माझे मत आहे. डॉल्बी व्हिजन हा एचडीआरचा प्रकार असलेला संच घ्यावा आणि मोकळे व्हावे. साध्या एचडीआरमध्ये, म्हणजे एचडीआर१०मध्ये, सगळ्या चित्रपटासाठी उजेडाची एकच सूचना असते, डॉल्बी व्हिजनमध्ये प्रत्येक दृश्यासाठी वेगळी असते. हा फरक मी स्वतः घरी पाहिला आहे. दुसरे असे की आईला केबलवरच्या मालिका पाहायच्या असतील तर त्यांत एचडीआर असतेच कुठे? मग झोन आणि निट मोजत बसण्यात काय हशील? आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या किमतींशी तुलना करून कोणी ‘सूट’ म्हणून सांगत असेल तर तेही तपासा.

मेहरूणची बोर (जळगाव)

जीएसटीचे अगदी योग्य सांगितलेत. डॉल्बी व्हिजनबद्दल अर्धे पटते. दृश्यागणिक सूचना मिळाल्याने कमी ताकदीचा टीव्हीसुद्धा टोन मॅपिंग शहाणपणाने करतो, हे खरे आहे. ३५० निटच्या दोन संचांमध्ये डॉल्बी व्हिजन असलेला बरा दिसेल. पण सूचना कितीही नेमकी असली तरी ती उजेड निर्माण करत नाही. एखाद्याला उत्तम नकाशा दिला म्हणून त्याच्या बैलगाडीला इंजिन लागत नाही. २९,०००च्या संचावरही डॉल्बी व्हिजनची खूण सापडते, त्यामुळे ती खूण पाहून मोकळे होता येत नाही. उलट सॅमसंगच्या टीव्हीत डॉल्बी व्हिजन मुळीच नसते. ती कंपनी एचडीआर१०+ वापरते, ज्यात दृश्यागणिक सूचनांची तशीच सोय आहे. मग त्यांचे १,५०० निटचे संच वाईट म्हणायचे का?

गिरणाकाठची (चाळीसगाव)

केबलच्या मुद्द्यावर मी सारंगखेडा यांच्या बाजूने आहे आणि नाहीही. मालिकांना एचडीआर नसते, हे मान्य. पण उजळ पडदा आणि झोन यांचा उपयोग साध्या चित्रालाही होतो. दुपारच्या उन्हात आईला मालिकेतल्या बायकांचे चेहरे दिसायला तोच उजेड लागतो. एचडीआर दिसते ते ओटीटीवर आणि यूट्यूबवर. त्यातही नेटफ्लिक्सला सर्वांत वरची योजना लागते आणि ४के चित्रासाठी १५ एमबीपीएसचा वेग सुचवलेला आहे. तेव्हा आधी घरातले नेट तपासा, मग झोन मोजा.

लळिंगकर (धुळे)

तापीकाठ, मॉनिटरचे कोणी उत्तर दिले नाही म्हणून लिहितो. मॉनिटर आणि लॅपटॉपसाठी व्हेसा या संस्थेची डिस्प्लेएचडीआर नावाची प्रमाणपत्रे २०१७च्या डिसेंबरपासून आहेत. ४००, ६००, १००० असे आकडे असतात आणि ते निट दाखवतात. त्यातले सर्वांत खालचे ४०० हे सुरुवातीला इतके सैल होते की त्याला लोकल डिमिंग लागत नसे, मोठा रंगपट लागत नसे आणि ८ बिटची काचही चाले. २०२४ मध्ये निकष कडक केले, तरी जुने मॉनिटर बाजारात आहेतच. ओएलईडीसाठी ट्रू ब्लॅक नावाची वेगळी ओळ आहे, त्यात काळा रंग ०.०००५ निटपेक्षा वर जाऊन चालत नाही. तुमच्या खोक्यावर यातले काही नसून नुसते ‘एचडीआर सपोर्ट’ असेल तर तो मॉनिटर सिग्नल ओळखणाऱ्या जातीचा आहे, दाखवणाऱ्या नव्हे.

फिकेपणाचे अर्धे पाप मात्र विंडोजचे आहे. एचडीआर चालू केले की विंडोज साध्या खिडक्या आणि फोल्डर मंद उजेडाला दाखवते. एचडीआरच्या सेटिंगमध्ये एसडीआर कंटेंट ब्राइटनेस नावाची पट्टी आहे, ती वर सरकवा. विंडोज, ऑल्ट आणि बी ही तीन बटणे एकदम दाबली की एचडीआर चालू-बंद होते. चित्रपटापुरते चालू करा, एरवी बंद ठेवा. आणि फोन भारी का दिसतो, तर तो बहुधा ओएलईडी आहे आणि तळहाताएवढा पडदा १,००० निटला उजळणे सोपे आहे. ५५ इंचांत तेच काम पैशांचे आहे.

दुकानात करायचे तेही सांगतो. पेनड्राइव्हमध्ये स्वतःचा व्हिडिओ न्या. दुकानाचा पोपट पाहू नका, तो सगळ्यांवर छान दिसावा म्हणूनच निवडलेला असतो. संच शॉप मोडमधून होम मोडमध्ये आणायला सांगा, मग मूव्ही किंवा फिल्ममेकर मोड लावा. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी नामावली सरकते असे काहीतरी लावा आणि अक्षरांभोवती कडे किती पसरते ते पाहा. लोकल डिमिंगचे सेटिंग बंद-चालू करून पाहा. ते सेटिंगच नसेल तर बहुधा झोनही नाहीत. मग उभे राहून नव्हे, तर बाजूला जाऊन आणि खाली बसून पाहा, कारण व्हीए काच समोरून काळीशार आणि बाजूने फिकट दिसते आणि आपल्याकडे अर्धे घर सतरंजीवर बसते. शेवटचे आणि महत्त्वाचे: मॉडेलचा पूर्ण क्रमांक, इंचांसह, लिहून घ्या. एकाच नावाच्या मालिकेत ५० इंचीला एक काच आणि ५५ इंचीला दुसरी असते, झोनही वेगळे असतात. इंटरनेटवर ६५ इंचीचे परीक्षण वाचून ५० इंची घेणारे माझ्याकडे येऊन भांडतात.

तापीकाठ (भुसावळ)

तीन आठवड्यांनी येतो आहे, क्षमस्व.

पेनड्राइव्ह घेऊन गेलो. पहिल्या दुकानदाराने शॉप मोड काढू दिला नाही, म्हणून तिथून निघालो. दुसरीकडचा मुलगा उत्साही निघाला. त्याने दुकानातले दोन दिवे बंद करून दिले आणि दोन संच शेजारी शेजारी लावले. नामावली सरकू लागली तेव्हा २९,०००च्या संचाचा सगळा पडदा करडा होता. एकदा तो करडेपणा दिसला की पुन्हा न दिसणे अशक्य झाले. शेवटी ६८,०००ला झोनवाला मिनी-एलईडी घेतला. ओएलईडीकडे पाहून उसासा टाकला, हे कबूल करतो. उरलेल्या पैशांतून खिडक्यांचे पडदे झाले.

पहिल्या रात्री एक घोळ झाला. जुना मीडिया बॉक्स जोडला तर एचडीआरची खूणच येईना. शोधल्यावर कळले की चारपैकी दोनच एचडीएमआय छिद्रे पूर्ण क्षमतेची आहेत आणि त्यांतही सेटिंगमध्ये जाऊन त्या छिद्राचा वाढीव सिग्नल हाताने चालू करावा लागतो. ते केल्यावर चित्र आले आणि मी आणि मुलगा बराच वेळ गप्प बसून राहिलो. एका दृश्यात अंधाऱ्या खोलीत एकच समई होती. ज्योत ज्योतीसारखी होती आणि मागच्या भिंतीवरचा पोपडासुद्धा दिसत होता.

दोन तक्रारी आहेत. रात्री काळ्या पडद्यावर पांढरे सबटायटल आले की त्याभोवती धूसर कडे दिसते. आणि भाची नेहमी उजवीकडच्या खाटेवर बसते, तिथून रंग धुतल्यासारखे दिसतात.

गिरणाकाठची (चाळीसगाव)

सबटायटलचा रंग पांढऱ्याऐवजी करडा करा, बहुतेक ॲपमध्ये ती सोय असते. कडे निम्मे होईल. आणि रात्री सगळे दिवे मालवू नका. टीव्हीच्या मागे भिंतीवर एक मंद दिवा ठेवा, म्हणजे डोळ्याची बाहुली फार मोठी होत नाही आणि कडे डोळ्यात भरत नाही.

लळिंगकर (धुळे)

केबल पाहताना बॅकलाइट दुपारी शंभरवर आणि रात्री पन्नासवर ठेवा. एचडीआरसाठी तो शंभरवरच लागतो, तिथे हात लावू नका. व्होल्टेज खाली-वर होत असेल तर स्टॅबिलायझर आजच लावा. भिंत आणि संच यांत चार बोटे तरी जागा राहू द्या, मागची छिद्रे धुळीने बुजली की उन्हाळ्यात पट्ट्या जातात. खाटेचे माझ्याकडे औषध नाही, ती काचेची जात आहे.

तापीकाठ (भुसावळ)

स्टॅबिलायझर लावला. खाट आईने आणि दोन्ही बहिणींनी मिळून समोर सरकवली आहे, आता दार पूर्ण उघडत नाही.